आत्मगामी क्रिया आणि मराठी व्याकरण : इटालियनच्या निमित्ताने

इटालियन भाषेच्या प्राथमिक व्याकरणात 'आत्मगामी क्रियापदे' ह्या मथळ्याचे एक प्रकरण हटकून असते. मराठीच्या व्याकरणात असे प्रकरण आढळत नाही. ह्यावरून दोन निष्कर्ष काढता येतील. मराठीत अशी क्रियापदेच नाहीत, हा एक; आणि मराठीत ती आहेत, परंतु आपल्या व्याकरणकारांना ती एकत्र दिसली नाहीत, हा दुसरा. पदव्युत्तर वर्गात पहिला निष्कर्ष जणू सिद्ध झालेला आहे अशा थाटात सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास दुसरा निष्कर्ष खरा वाटतो, आणि त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत. विषय एक, परंतु आपल्या व्याकरणांनी त्याचे तीन तुकडे केले. एक सर्वनामांच्या प्रकरणात गेला, दुसरा प्रयोगविचारात अपवाद म्हणून पडून राहिला आणि तिसरा संयुक्त क्रियापदांच्या यादीत मिसळला. तिन्ही तुकडे एकाच वस्तूचे आहेत हे सांगण्याची जबाबदारी मग कोणावरच उरली नाही.

'आत्मगामी' ही संज्ञा येथे साध्या अर्थाने योजली आहे. ज्या क्रियेचा व्यापार कर्त्यापासून निघून पुन्हा कर्त्यावरच येऊन ठेपतो ती आत्मगामी क्रिया. जिचा व्यापार दुसऱ्या वस्तूवर वा व्यक्तीवर जातो ती परगामी. सकर्मक-अकर्मक हा भेद निराळा. आत्मगामी क्रियेला कर्म असू शकते, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे लागेल.

इटालियनमध्ये ह्या क्रियेची खूण उघड असते. 'लावारे' म्हणजे धुणे. 'लावार्सि' म्हणजे स्वतःचे अंग धुणे. रूपे चालविताना क्रियापदाआधी कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे एक आघातहीन सर्वनाम येते : मि लावो, ति लावि, सि लावा, चि लाव्यामो, वि लावाते, सि लावानो. परंपरागत इटालियन व्याकरण ह्या क्रियापदांचे वर्ग करते. 'मि लावो', मी स्वतःला धुतो, हा खरा आत्मगामी. 'मि लावो ले मानि', मी हात धुतो, हा भासमान आत्मगामी; कारण येथे कर्म हात आहेत, 'मि' केवळ ते हात कोणाचे हे दाखविते. 'सि सालूतानो', ते एकमेकांना नमस्कार करतात, हा परस्परगामी. चौथ्या वर्गात ज्यांचे सर्वनाम अर्थाने रिकामे झाले आहे अशी क्रियापदे येतात : 'पेन्तिर्सि' पस्तावणे, 'वेर्गोन्यार्सि' लाजणे, 'आक्कोर्जेर्सि' ध्यानात येणे. ह्यांतून 'सि' काढून टाकले तर क्रियापद उरतच नाही. शिवाय 'ला पोर्ता सि आप्रे', दार उघडते, ह्यासारख्या वाक्यांतही तोच 'सि' असतो. तेथे तर दाराला इच्छा वा हित असण्याचा प्रश्नच नाही.

ह्या सर्व वर्गांना एकत्र बांधणारी गोष्ट मात्र सर्वनाम नसून भूतकाळ आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची. इटालियनमध्ये सामान्य सकर्मक क्रियापदाचा संयुक्त भूतकाळ 'आवेरे', म्हणजे 'जवळ असणे', ह्या साहाय्यकाने होतो. जाणे, येणे, जन्मणे अशा अकर्मकांचा 'एस्सेरे', म्हणजे 'असणे', ह्याने. 'एस्सेरे' असले की कृदन्त कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. आता आत्मगामी क्रियापद सकर्मकापासून बनलेले असो, त्याच्यासमोर कर्मही असो, ते भूतकाळात 'एस्सेरे'च घेते. 'मारिया आ मेस्सो ला जाक्का आल बाम्बीनो' : मारियाने बाळाला कोट घातला. 'मारिया सि ए मेस्सा ला जाक्का' : मारियाने स्वतः कोट घातला. पहिल्या वाक्यात कृदन्त 'मेस्सो', कर्त्रीशी संबंध नाही. दुसऱ्यात 'मेस्सा', स्त्रीलिंगी. क्रिया कर्त्याकडे वळताच क्रियापदानेही कर्त्याकडे तोंड वळविले. हे वाक्य मनात ठेवूनच आपण मराठीकडे यावे.

प्रथम सर्वनामांचा तुकडा. ह्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून विस्तार करीत नाही. 'स्वतः' हा शब्द आपल्याच वाक्यातील कर्त्याकडे बोट दाखवितो. 'आपण' वाक्याची सीमा ओलांडतो. 'गोविंदाला वाटले की आपण चुकलो' येथे चुकलेला गोविंदच. काशी वाली ह्यांनी ह्या दोन शब्दांच्या वाटणीचा कसून अभ्यास केला आहे, आणि दक्षिण आशियाई भाषांतील आत्मवाचकांविषयीचा जो मोठा ग्रंथ २००० साली लस्ट, वाली, गेअर व सुब्बाराव ह्यांच्या संपादनाखाली निघाला त्यात मराठीला योग्य स्थान मिळाले. राजेश्वरी पंढरीपांडे ह्यांचे १९९७ चे वर्णनात्मक व्याकरण ज्या मालेत निघाले त्या मालेच्या प्रश्नावलीतच आत्मवाचकतेचा प्रश्न स्वतंत्र असल्यामुळे तेथेही ही सामग्री एका जागी सापडते. परंतु ह्या अभ्यासांचा ओढा सर्वनाम कोणाकडे बोट दाखविते ह्या प्रश्नाकडे आहे. क्रियापद काय करते, हा प्रश्न मराठीपुरता मागे राहिला.

सर्वनामांच्या संदर्भात दोन गोष्टींकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. त्या नेहमीच्या चर्चेत येत नाहीत. 'आपण' हा संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतद्वारा आलेला, म्हणजे मुळात आत्मवाचक शब्द. त्याचा मराठीत 'ऐकणाऱ्यासह आम्ही' असा अर्थ झाला, आदरार्थी 'तुम्ही' झाला आणि 'कोणीही माणूस' असाही झाला. इटालियन 'सि'चा प्रवास आश्चर्य वाटावे इतका समांतर आहे. 'क्वि सि मान्जा बेने', येथे माणूस चांगले जेवतो, असे 'सि'चे सामान्य कर्त्याचे कार्य सर्व इटालियनमध्ये आहे. आणि तोस्काना प्रांताच्या बोलीत तर 'नोइ सि वा' म्हणजे 'आपण जातो' असे म्हणतात. आत्मवाचकापासून सामान्य मनुष्य आणि सामान्य मनुष्यापासून प्रथमपुरुषी अनेकवचन, हा मार्ग दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे चोखाळला. मराठीत मात्र ह्या शब्दाला बसावयास एक तयार जागा होती. तेलुगूत 'मेमु' (ऐकणाऱ्यास वगळून) आणि 'मनमु' (त्याच्यासह) असा भेद आहे; द्राविड भाषांतील ह्या भेदाची जागा मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांनी भरली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाची 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे 'आपणच' नाही, 'आम्हीच' आहे. कारण घोषणा बाहेरच्याला ऐकविण्यासाठी आहे. ग्रामसभेत बसून तीच गोष्ट परस्परांस सांगावयाची झाली तर 'आपण' म्हणावे लागेल. घोषणा रचणाऱ्यांना हे कोणी शिकविले नव्हते. भाषेने ते त्यांच्यासाठी केले.

दुसरी गोष्ट 'आपला'विषयी. 'त्याने आपल्या भावाला पत्र लिहिले' ह्यातील 'आपला' सर्व व्याकरणांत आहे. प्रमाण मराठीत तो प्रथम व द्वितीय पुरुषाशी सहसा येत नाही. आपण 'मी माझे पुस्तक घेतले' म्हणतो, हिंदीभाषक 'अपनी किताब' म्हणतो. आमच्या भागात 'मी आपलं काम करतो' असे ऐकू येते ते हिंदीच्या शेजारामुळे असे म्हणून सोडून देण्याची रीत आहे. परंतु जुन्या मराठीतही हा प्रयोग आढळतो, तेव्हा निकाल देण्याची घाई नको. मला सांगावयाचा आहे तो तिसराच 'आपला' : 'मी आपला गप्प बसलो', 'ती आपली हसत राहिली', 'पोरे आपली खेळत होती'. हा षष्ठीचा 'आपला' नव्हे, कारण त्याच्यापुढे नाम नाही. तो प्रथम पुरुषाशी निर्वेध येतो, कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, आणि कर्ता इतरांपासून अलग, स्वतःपुरता, आपल्याच नादात क्रिया करीत आहे असे सुचवितो. शब्दकोशांत त्याची 'पादपूरक' म्हणून बोळवण होते. इटालियनमधील 'मे ने स्तावो त्सित्तो' हे वाक्य मराठीत आणावयाचे असेल तर 'मी आपला गप्प बसलो होतो' ह्यावाचून दुसरे चपखल भाषान्तर नाही. तेथे 'स्तारे' ह्या साध्या क्रियापदाला आत्मवाचकाची जोड देऊन 'स्तार्सेने' केले आहे. येथे 'बसणे' ह्या साध्या क्रियापदाजवळ 'आपला' येऊन बसला आहे. फरक इतकाच की इटालियन खूण पुरुष सांगते, आपली लिंगवचन. हा शब्द पादपूरक असेल तर इटालियनचे अर्धे आत्मगामी प्रकरण पादपूरकच म्हणावे लागेल.

आता दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा तुकडा : प्रयोग. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्मणी किंवा भावे होतो, कर्त्याला 'ने' लागते : त्याने धडा वाचला, तिने लुगडे घेतले. ह्या नियमाला जोडून प्रत्येक शालेय व्याकरणात अपवादांची एक यादी असते. शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे, समजणे, जेवणे, पिणे, नेसणे, ल्येणे, प्रसवणे, चावणे, भेटणे, जिंकणे अशी क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्तरी राहतात. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. येथे 'विसरतात' हेही यादीतलेच. (कसोटी नेहमी तृतीय पुरुषात लावावी. 'मी' आणि 'तू' ह्यांना भूतकाळातही 'ने' दिसत नसल्यामुळे विद्यार्थ्यांची फसगत होते.)

यादी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. ही क्रियापदे त्यांच्या शेजाऱ्यांजवळ ठेवून पाहावीत. 'सीता लुगडे नेसली', परंतु 'सीतेने मुलीला झबले घातले'. घालणे स्वतःला आणि दुसऱ्याला, दोघांना होते. नेसणे केवळ स्वतःलाच. दुसऱ्यावर न्यावयाचे झाले तर क्रियापदच बदलावे लागते : 'सीतेने मुलीला लुगडे नेसवले', आणि लगेच 'ने' परत येतो. 'तो धडा शिकला', 'त्याने धडा शिकवला'. 'तो पाणी प्याला', 'त्याने वासराला पाणी पाजले'. 'तो खोटे बोलला', परंतु 'त्याने खोटे सांगितले'. बोलण्याला ऐकणारा लागत नाही, सांगण्याला लागतो. एकाच धातूच्या पोटातही हा भेद दिसतो : 'तो म्हणाला', पण 'त्याने अभंग म्हटला'. पहिल्यात मनातले बाहेर आले, दुसऱ्यात अभंग ही वस्तू सादर झाली. ह्या जोड्यांत एकच सूत्र आहे. क्रियेचा परिणाम कर्त्याच्या देहात, वस्त्रात, मनात वा मुखातच राहतो तेव्हा मराठी त्या क्रियापदाला 'गेला', 'आला', 'बसला' ह्यांच्या पंक्तीला बसविते. इटालियनमध्ये 'सि ए मेस्सा' हे 'ए आन्दाता', ती गेली, ह्याच्या पंक्तीला बसते ते ह्याच कारणाने. दोन्ही भाषांत कर्म वाक्यात राहते, पण कृदन्त त्याच्याकडे पाहत नाही. 'मी किल्ल्या विसरलो' आणि 'मि सोनो दिमेन्तिकातो ले क्यावि' ह्या वाक्यांत क्रियापदाचे वर्तन सारखेच आहे.

म्हणजे इटालियन जी गोष्ट सर्वनामाने दाखविते आणि साहाय्यकाने पक्की करते, तीतील दुसरा अर्धा भाग मराठीत शब्दशः आहे, पहिला नाही. आपल्या व्याकरणांनी पहिला अर्धा शोधला, तो सापडला नाही, म्हणून दुसरा 'अपवाद' ठरला.

ह्यावर आक्षेप येतील, आणि येणे योग्य आहे. सर्वांत जोरदार आक्षेप 'खाणे' ह्याचा. खाल्लेले अन्न कर्त्याच्या पोटातच जाते, तरी 'त्याने दहीभात खाल्ला' हे कर्मणीच. कोलिन मसिका ह्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातील भाषांसंबंधी ज्या 'ग्रहणवाचक' क्रियापदांचा वर्ग मांडला त्यात खाणे, पिणे, शिकणे, समजणे सर्व एकत्र येतात. तो वर्ग मराठीला जसाच्या तसा लावला तर खाण्याने तो फुटतो. परंतु 'खाणे' आणि 'जेवणे' शेजारी ठेवा. 'तो दहीभात जेवला', 'त्याने दहीभात खाल्ला'. जेवणारा तृप्त होतो. खाल्लेली वस्तू संपते. म्हणूनच 'वाळवीने पोथी खाल्ली' म्हणता येते, आणि वाळवी पोथी जेवू शकत नाही. खाण्यात लक्ष वस्तूच्या नाशावर आहे, जेवण्यात कर्त्याच्या अवस्थेवर. आक्षेप म्हणून आणलेले उदाहरण असे सूत्राच्याच बाजूने बोलू लागते.

'चावणे' आणि 'भेटणे' ह्यांचे उत्तर इतके सरळ नाही. 'कुत्रा त्याला चावला' ह्यात परिणाम दुसऱ्यावर झाला ह्याबद्दल चावल्या गेलेल्याला तरी शंका नसेल. डसणे, शिवणे, भेटणे, चावणे हा माझ्या मते संपर्कवाचकांचा वेगळा गट आहे. ज्याच्याशी संपर्क होतो तो येथे 'ला' घेऊन कर्मापेक्षा स्थान म्हणून उभा राहतो. चावणे चर्वणाच्या अर्थी येताच 'त्याने सुपारी चावली' असे कर्मणी होते, हे ह्या विभागणीला पोषक आहे. तेव्हा यादी एकजिनसी नाही, हे मान्य करावे. तिला एक गाभा आहे आणि कडेला इतर कारणांनी आलेली मंडळी आहेत. गतिवाचक व अकर्मक धातूंपासून झालेले क्त-कृदन्त कर्तरी अर्थाने येते असे पाणिनीने ३.४.७२ ह्या सूत्रात नोंदविले आहे; त्या परंपरेचा काही वाटा येथे असणारच. शिवाय सीमा सरकत आहे. 'तो सामना जिंकला' आणि 'त्याने सामना जिंकला' दोन्ही आज चालतात. 'पांघरणे' तर आज बहुधा 'त्याने शाल पांघरली' असेच ऐकू येते. अशी सरकती सीमा हा जिवंत वर्गाचा पुरावा आहे. निव्वळ पाठ केलेले अपवाद एका दिशेने सरकत नाहीत.

तिसरा तुकडा 'घेणे' ह्या साहाय्यकाचा. पाणिनीने १.३.७२ मध्ये सांगितले आहे की ज्या धातूंना दोन्ही पदे होतात त्यांचे आत्मनेपद क्रियाफल कर्त्याला मिळावयाचे असेल तेव्हा योजावे. ऋत्विज यजमानासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा 'यजते'. हा भेद प्राकृतांत विरत गेला आणि मराठीच्या धातुरूपांत त्याचे काही उरले नाही. परंतु अर्थाची गरज उरली, आणि ती 'घेणे'-'देणे' ह्या जोडीने भागविली : 'लिहून घेतले', 'लिहून दिले'. आमच्या जिल्ह्यांत हा भेद तेंदूपानांच्या हंगामात रोज ऐकू येतो. मजूर पाने तोडतात, ठेकेदार पाने 'तोडून घेतो'. हात एकाचे, क्रियाफल दुसऱ्याचे. ऋत्विज आणि यजमान ह्यांच्या जागा तशाच आहेत, केवळ यज्ञ बदलला. 'त्याने केस कापून घेतले' ह्यात कात्री न्हाव्याच्या हातात असते हे आपण गृहीत धरतो, आणि इटालियन मनुष्यही 'मि सोनो तालयातो इ कापेल्लि' म्हणतो तेव्हा बहुधा न्हाव्याकडूनच आलेला असतो.

येथपर्यंत व्याकरणे आपल्याबरोबर येतात. 'घेणे' हे साहाय्यक 'कर्त्याच्या हितासाठी' असे ती सांगतात. माझी तक्रार ह्या व्याख्येविषयी आहे. 'तिने खोलीत कोंडून घेतले', 'त्याने जाळून घेतले', 'त्यांनी ग्रामसेवेला वाहून घेतले', 'तो कोणत्याही भानगडीत गुंतवून घेत नाही', 'तिने सासरी जुळवून घेतले'. जाळून घेण्यात कोणते हित? पण त्याहून महत्त्वाचे असे की ह्या वाक्यांत कर्मच नाही. कोंडणे, जाळणे, वाहणे, गुंतवणे ही सर्व सकर्मक. त्यांचे कर्म गेले कोठे? ते 'घेणे' ह्याने पोटात घेतले. 'स्वतःला' घालता येते, पण घालण्याची गरज नाही. 'स्वतःला' न घालता आणि 'घेणे' काढून 'तिने खोलीत कोंडले' म्हटले तर ऐकणारा 'कोणाला?' म्हणून विचारील. म्हणजे येथे 'घेणे' हे हितवाचक नसून, जे काम इटालियनमध्ये 'सि' करतो तेच, कर्म म्हणून कर्त्यालाच उभे करण्याचे, करीत आहे. हा खरा आत्मगामी प्रयोग मराठीत क्रियापदानेच सिद्ध होतो. आपल्या भाषेत आत्मगामी क्रियापद नाही असे म्हणणाऱ्याने 'वाहून घेणे' ह्या एका प्रयोगाचे पृथक्करण करून दाखवावे.

समांतरता येथे संपते, आणि ते लपविण्याचे कारण नाही. 'घेणे' आले की भूतकाळात 'ने' राहतो : 'तिने कोंडून घेतले', भावे प्रयोग. इटालियनने दोन्ही साधने एका खुणेत गुंफली; मराठीत 'नेसली' हा जुना, मर्यादित शब्दांचा वर्ग कर्तरीत आहे आणि 'कोंडून घेतले' हा वाढता वर्ग कर्तरीबाहेर आहे. शिवाय 'घेणे' ह्याला सचेतन कर्ता लागतो. दाराने उघडून घेतले असे मराठी म्हणत नाही. 'दार उघडले' एवढेच म्हणते, आणि तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे ह्या जुन्या स्वरभेदाच्या जोड्या इटालियन 'सि'चे ते काम परभारे उरकतात.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या जिल्ह्यांचा भूगोल उपयोगी पडतो. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते; नदीपलीकडे तेलंगणा आहे, आणि अलीकडेही तेलुगू घरांत बोलली जाते. राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेलुगूत आत्मगामी क्रियेची खूण 'कोनु' हे साहाय्यक आहे, आणि स्वतंत्र क्रियापद म्हणून 'कोनु'चा अर्थ विकत घेणे. मराठीत 'घर घेतले' म्हणजे विकत घेतले. 'वंडाडु', त्याने रांधले; 'वंडुकुन्नाडु', त्याने स्वतःसाठी रांधले. येथवर 'रांधून घेतले' बरोबर चालते. परंतु 'कोनु' त्यापुढे जाते. 'चीर कट्टुकुंदि', ती साडी नेसली. 'नेर्चुकुन्नाडु', तो शिकला. मराठीने जी क्रियापदे कर्तरीत बसविली त्यांतील नेसणे आणि शिकणे तेलुगूत 'कोनु' घेतात. एकाच अर्थवर्गाच्या अंगावर दोन भाषांनी दोन निरनिराळ्या खुणा गोंदल्या आहेत. इतकेच नव्हे, 'तलुपु तेरुचुकुंदि', दार उघडले, येथे तेलुगूचे दारही 'कोनु' घेते; इटालियन 'सि'प्रमाणेच. तेव्हा आत्मगामी खुणेच्या व्याप्तीत तेलुगू मराठीपेक्षा इटालियनला जवळची ठरते, आणि त्या दोघींमध्ये काहीही कुलसंबंध नाही.

ह्याचा अर्थ मराठीचे 'घेणे' तेलुगूपासून आले असा कोणी करू नये. हिंदीतही 'लेना' आहे, आणि 'खाऊन घे' म्हणणाऱ्या चंद्रपूरकराच्या एका कानाशी 'खा लो' आणि दुसऱ्या कानाशी 'तिनुको' असते. कोणत्या कानाचे ऐकून तो बोलला हे एका वाक्यावरून ठरविणे म्हणजे भाषाशास्त्र नव्हे. झाडीबोलीचे जे संशोधन डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्या परिश्रमाने उभे राहिले त्याने बोलीच्या शब्दसंपदेला प्रतिष्ठा मिळवून दिली. आता तिच्या वाक्यरचनेकडे वळण्याची वेळ आली आहे. सिरोंच्यात, राजुऱ्यात आणि हिंदीच्या बाजूला असलेल्या कोरची-कुरखेड्यात 'घेणे' कोणकोणत्या धातूंशी येते, हे मोजले तर दोन शेजाऱ्यांपैकी कोणाचा हात कोठवर पोहोचला हे सांगता येईल.

शिक्षकाच्या लाल शाईचा प्रश्नही येथेच येतो. तेलुगूत 'पेळ्ळि चेसाडु' म्हणजे दुसऱ्याचे लग्न करून दिले आणि 'पेळ्ळि चेसुकुन्नाडु' म्हणजे स्वतः लग्न केले. इटालियनमध्येही पुरोहित 'स्पोसा' करतो, वधूवर 'सि स्पोसानो'. मराठीत 'लग्न केले' हे दोन्हींकडे चालते, आणि 'बापाने लग्न केले' ह्या वाक्यात ते कोणाचे, हे प्रसंगावरून ओळखावे लागते. घरी तेलुगू बोलणारा विद्यार्थी मराठीत 'दादाने लग्न करून घेतले' असे लिहील तर ते प्रमाण मराठीत खटकेल, कारण आपल्या कानाला त्यात घाई वा उरकून टाकणे ऐकू येते. त्याने मात्र एक भेद मराठीत आणावयाचा प्रयत्न केलेला असतो, जो मराठीला त्या ठिकाणी करता येत नाही. 'चूक' एवढा शेरा मारून पुढे जाणाऱ्या शिक्षकाला तो भेद समजावून देता येणार नाही, कारण त्याच्या स्वतःच्या व्याकरणात त्या भेदाला नावच नाही. त्याच विद्यार्थ्याने 'तिने साडी नेसली' असे लिहिले तर ती सूट मात्र त्याला एकट्याला देण्याचे कारण नाही. तो प्रयोग आता पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांतही दिसतो, आणि त्याच्यामागे 'घातली' ह्या शेजारणीचे वजन आहे.